'गोळीचा अंमल' आणि माझे अकरा महिने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं. आजकालच्या मुली चार-पाच वर्षं पाळणा लांबवायच्या गोळ्या खाऊन गर्भपिशवी सुकवून घेतात आणि मग पस्तिशीत दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पत्र तळमळीनं लिहिलं होतं. त्यांच्याही घरात कुणाच्या तरी वाट्याला हे दुःख आलं असावं, असं वाचताना वाटत राहिलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण हीच गोष्ट खरी मानून, दिवस राहत नसतानाही, मी अकरा महिने नुसती बसून होते. आणि मी फार्मासिस्ट आहे. डी. फार्म. करून तेरा वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे.

आमचं दुकान कराड तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात आहे. आमच्याकडे चार वस्तू जुन्या पेपरात गुंडाळून द्यायची पद्धत आहे: पॅड, निरोध, पाळणा लांबवायच्या गोळ्या आणि दिवस गेलेत का ते बघायची पट्टी. बाकी सगळी औषधं उघडी देतो. शेजारी दुसरं गिऱ्हाईक उभं असेल, तर बाई आधी तापाची गोळी मागते, मग खोकल्याची बाटली बघते आणि माणूस निघून गेला की मान खाली घालून हळूच खरं काय हवं ते सांगते. मी स्वतःची स्ट्रिपसुद्धा शटर अर्धं ओढल्यावर पेपरात गुंडाळूनच पर्समध्ये टाकायची. दुकानात मी एकटीच असायची, तरीही.

माझं लग्न 2017 साली झालं. माझे यजमान साखर कारखान्यात पॅनमन आहेत, म्हणजे साखर शिजवायच्या मोठ्या भांड्यावर, पॅनवर, काम करतात. सासऱ्यांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असायचं, कराडला न्यायचं-आणायचं आमच्या दोघांवर होतं. नणंदेचं लग्न व्हायचं होतं, घरावर कर्ज होतं. दोघांनी बसून विचार केला आणि डॉक्टरांना विचारून 2019 पासून मी गोळ्या सुरू केल्या. तो निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. सासऱ्यांची शेवटची तीन वर्षं आम्ही नीट करू शकलो, त्यांची सेवा घडली. 2022 मध्ये ते गेले, पुढच्या वर्षी नणंदेचं लग्न झालं. 2024 च्या जानेवारीत मला पस्तीस पूर्ण झाली. फेब्रुवारीत हातातली स्ट्रिप संपली आणि दुसरी घेतली नाही.

त्या दिवशी आम्ही दोघंच सदाशिवगडावर गेलो होतो. परत येताना यांनी गाडी थांबवून उसाचा रस घेतला आणि म्हणाले, पोरगी झाली तर आईचं नाव ठेवायचं. इतकं सोपं वाटलं होतं सगळं.

मार्च गेला, एप्रिल गेला. पाळी एक दिवस लांबली की दुकानातलीच पट्टी घ्यायची, तिचे पैसे गल्ल्यात टाकायचे आणि पहाटे सगळे उठायच्या आत न्हाणीघरात बघायची. एक रेघ. खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघायची, दुसरी पुसटशी तरी दिसते का. दिवाळीपर्यंत नऊ पट्ट्या झाल्या.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. माझा चेहरा बघून त्यांच्या लक्षात आलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, गोळीचा अंमल असतोय अंगात. पाच वर्षांचं औषध ते, वर्षभर तरी जातंय का?" जाऊबाईंनी पिशवी साफ व्हायला कसला तरी काढा दिला, तो मी एकवीस दिवस घेतला. ऑगस्टमध्ये, म्हणजे गोळ्या थांबवून बरोबर सहा महिने झाल्यावर, मी एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझं वय विचारलं नाही. इतकी वर्षं गोळ्या घेतल्यात, आता शरीराला वेळ द्या, वर्षभर वाट बघा आणि मग या, एवढंच म्हणाले. आत्यांचं आणि डॉक्टरांचं एकच निघालं, मग मला शंका घ्यायला जागाच उरली नाही. हे सगळं मी कॉलेजात शिकलेली होते. पण आपलंच काहीतरी चुकलंय असं एकदा मनानं घेतलं की शिकलेलं आठवत नाही.

म्हणून आता जे मला तेव्हा आठवलं नाही ते लिहिते. रोज घ्यायच्या गोळीतली हार्मोन्स थोड्याच दिवसांत शरीरातून निघून जातात. बहुतेक बायकांचं बीज एक ते तीन महिन्यांत पुन्हा सुटायला लागतं, काहींचं तर पहिल्याच महिन्यात. कॉपर-टी काढली की तिचा परिणाम त्याच दिवशी संपतो. सरकारी दवाखान्यात आशाताई ज्या 'छाया' गोळ्या देतात, त्यांनीही कायमचं काही बिघडत नाही. उशीर होतो तो तीन महिन्यांच्या इंजेक्शननं, ज्याला सरकारी योजनेत 'अंतरा' म्हणतात. त्याच्या शेवटच्या डोसनंतर दिवस राहायला साधारण 7 ते 10 महिने लागू शकतात, आणि हे इंजेक्शन देतानाच बाईला सांगायचं असतं. 'थांबा, वेळ द्या' हा सल्ला बहुधा तिथूनच आला आणि सरसकट सगळ्यांना लागू झाला, असा माझा अंदाज आहे.

गोळी एक गोष्ट मात्र करते, ती झाकते. गोळीवर असताना दर महिन्याला घड्याळासारखी येते ती खरी पाळी नसते, हार्मोन थांबवल्यामुळे होणारा तो रक्तस्राव असतो. पाळी मुळात अनियमित असली किंवा पीसीओडी (बीज वेळेवर न सुटण्याचा आजार) असला, तर तो या चार-पाच वर्षांत दिसत नाही. गोळ्या थांबवल्यावर दिसतो आणि सगळ्यांना वाटतं गोळीनंच केला. माझी पाळी गोळ्या थांबवल्यावर पंचवीस दिवसांवर आली. मोबाइलमधलं अ‍ॅप मला चौदावा दिवस दाखवायचं, आणि मी त्या दिवसाच्या आधी-नंतर यांच्या रात्रपाळ्या जुळवत बसायची. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी. म्हणजे माझं अकराव्या दिवशी किंवा त्याच्या आसपास. सुटल्यावर ते जेमतेम एक दिवस टिकतं, पुरुषबीज मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत राहू शकतं. म्हणून त्या दिवसाच्या आधीचे पाच दिवस महत्त्वाचे. मी अकरावा दिवस उलटून गेल्यावर सुरुवात करायची. गळीत हंगामात हे रात्रपाळीवरून सकाळी सातला घरी यायचे, अंगाला मळीचा वास, डोळे तांबारलेले. त्यांना मी काय सांगायचं होतं?

आणि वय. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या शरीरात 10 ते 20 लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत त्यातली 3 ते 5 लाख उरतात आणि सदतिशीच्या आसपास सुमारे 25 हजार. गोळ्या घेतल्यानं ही शिदोरी लवकर संपत नाही. काही मुलींना उलटं वाटतं, की गोळीमुळे बीज सुटलं नाही म्हणजे तेवढी वाचली असतील. तीही वाचत नाहीत, आपल्या चालीनं ती कमी होतच जातात. पस्तिशीनंतर उरलेल्या बीजांची प्रतही घसरत जाते. पस्तिशीतल्या बऱ्याच जोडप्यांना वर्षभरात दिवस राहतात, हेही खरं आहे, कुणी घाबरून जाऊ नये. पण डॉक्टरांचा नियम स्पष्ट आहे: बाईचं वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून मग तपासणी, पस्तीस किंवा पुढे असेल तर सहा महिन्यांनी. मी सहाव्या महिन्यात दारात गेले होते आणि मला परत पाठवलं गेलं.

2025 च्या संक्रांतीला जाऊबाईंच्या लेकाचं बोरन्हाण होतं. हलव्याचे दागिने मी स्वतः आठ दिवस बसून केले होते, मुकुट आणि बासरी. बाळाला पाटावर बसवून बायका एकेक करून त्याच्या डोक्यावरून बोरं, हरभरे, चुरमुरे ओतत होत्या. ओतायला माझा नंबर आला तेव्हा शेजारच्या एक काकू पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "तू आत तिळगुळाचं बघ बाई." मी आत गेले. डबा उघडला, वाटीत तिळगुळ काढला. बाहेर पोरांचा बोरं वेचायचा गलका चालला होता. त्या काकूंबद्दल माझ्या मनात राग नाही, त्या माझ्याशी नेहमी चांगल्याच वागल्यात. पण त्या रात्री मी यांना म्हटलं की आता मी अजून एक महिनाही थांबणार नाही.

साताऱ्याच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न वयाचा विचारला, दुसरा किती महिने झाले आणि तिसरा, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठाय?" अकरा महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला. आत्यांनी नाही, जाऊबाईंनी नाही, पहिल्या डॉक्टरांनी नाही. मीही नाही. हे शेजारच्या खुर्चीत बसले होते, ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले.

सीझन संपू दे, मग करतो, असं ते म्हणाले. म्हणून आधी माझ्या तपासण्या झाल्या. थायरॉइड झालं, एएमएच (बीजांच्या साठ्याची रक्ततपासणी) झालं. एएमएचचा आकडा थोडा कमी आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, पण डॉक्टरबाईंनी नीट समजावलं की हा साठ्याचा अंदाज आहे, नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हे त्यावरून सांगता येत नाही. मग नळ्या उघड्या आहेत का ते बघायला पिशवीत रंग सोडून एक्स-रे काढला. त्या टेबलावर पोटात जी कळ आली ती अजून आठवते. तीन हजार रुपये लागले. नळ्या दोन्ही उघड्या. हे सगळं होऊन गेल्यावर, मार्चच्या शेवटी, यांची तपासणी झाली. ती काही शे रुपयांत होते, तिला सुई लागत नाही, कळ येत नाही. क्रम उलटा असायला हवा होता, हे तेव्हाही मला कळत होतं, पण मी बोलले नाही.

त्या दिवसाबद्दल लिहू का, असं मी यांना विचारलं. लिही, म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचावा लागतो, आणि आमचं गाव लांब पडतं, म्हणून लॅबमध्येच द्यायचा ठरलं. तिथल्या मुलानं नाव घातलेली प्लास्टिकची डबी हातात दिली आणि संडासाकडे बोट केलं. वेगळी खोली नव्हती. संडासाला आतून कडी नव्हती. यांनी माझ्याकडे बघितलं. पंधरा वर्षं एकशे दहा टनांचा पॅन सांभाळणारा माणूस, पण त्या वेळी त्यांचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला होता. मी बाहेरून दार धरून उभी राहिले. कॉरिडॉरमध्ये रक्त द्यायला आलेली माणसं बसली होती. एकानं विचारलं, आत कोण आहे, मला घाई आहे. मी म्हटलं, माझे मिस्टर आहेत, वेळ लागेल. एवढंच बोलले आणि दाराची मूठ घट्ट धरून ठेवली. सात-आठ वर्षांच्या संसारात मी त्यांच्या इतक्या जवळ कधी नव्हते.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. एका मिलिलिटरमध्ये 90 लाख पुरुषबीजं, आणि त्यातली हालणारी 28 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेनुसार खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आणि 42 टक्के आहे. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं की डावीकडच्या शिरा फुगलेल्या आहेत, त्याला व्हेरिकोसील म्हणतात. पॅन विभागातली वाफ आणि उष्णता, वर दिवसाला दोन पुड्या तंबाखू, हेही सगळं वाईटच. पण त्यांनी हेही सांगितलं की हे पुरुषबीज तयार व्हायला सत्तरेक दिवस लागतात, म्हणून आज केलेल्या बदलाचा परिणाम तीन महिन्यांनी दिसतो, निराश व्हायचं कारण नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं काहीतरी कारण एकटं किंवा जोडीनं असतं, असंही त्या म्हणाल्या. हे मी काउंटरवर उभं राहून औषध कंपन्यांच्या एमआरच्या तोंडून दहादा ऐकलेलं होतं.

घरी आल्यावर यांनी शर्टसुद्धा बदलला नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन आत्यांसमोर बसले आणि म्हणाले, "आई, गोळीचं काही नव्हतं. माझंच कमी आहे." आत्या भाकरी थापत होत्या. त्यांचा हात परातीतच राहिला. खूप वेळानं म्हणाल्या, "मग हिला उगंच बोलले मी." रात्री त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. तिसऱ्या बाळंतपणानंतर त्यांचं ऑपरेशन एका शिबिरात झालं होतं, शाळेच्या वर्गात ओळीनं बायका निजवून. विचारलं कुणी नव्हतं, समजावलं कुणी नव्हतं. पाळणा लांबवण्याच्या प्रत्येक गोष्टीची भीती त्यांच्या मनात तिथून बसली आहे. ते मला पहिल्यांदाच कळलं. म्हणून त्या ज्येष्ठ वाचकांवरही मला रागवता येत नाही. पण त्यांच्या पत्राचं उत्तर छापून आलं पाहिजे, कारण ते पत्र वाचून माझ्यासारखी कुणीतरी आणखी सहा महिने घरी बसेल.

र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यासाठी त्यांनी प्राध्यापकी गमावली, कोर्टाच्या पायऱ्या चढले. मूल आपल्या इच्छेनं व्हावं एवढंच त्यांचं मागणं होतं. त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. इच्छेनं लांबवता येतं हे आपण निम्मंअर्धं शिकलो. इच्छा झाली की काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. गोळ्या देताना एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो? 'थांबवल्यावर लगेच दिवस राहू शकतात, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत राहिले नाहीत तर दोघं मिळून या.' अंतरा इंजेक्शनच्या बायकांना तारखांचं कार्ड मिळतं, त्याच्या मागे हे वाक्य छापता येईल. आशाताईंच्या तोंडी देता येईल. आणि प्रत्येक लॅबमध्ये कडी असलेली एक खोली असावी, हे मागणं फार मोठं नाही.

पैशांचंही लिहायला हवं. वैज्ञानिक नोंद असलेली देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून. केईएम महापालिकेचं, म्हणजे गोरगरिबांचं रुग्णालय. शेजारच्या गोव्यानं बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार मोफत सुरू केले. आयुष्मान भारतमध्ये मात्र वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत, बहुतेक विमा पॉलिसीही ते वगळतात. आम्हाला एका खासगी सेंटरनं आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, एका खेपेचे दोन लाख सांगितले. कारखान्यातल्या पगारात ते कसे बसवायचे, हे रोज रात्री वहीवर मांडून बघतो. आपल्या वार्ताहरांनी जिल्हा रुग्णालयांत यातलं काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे एकदा फिरून लिहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यांनी तंबाखू 2 एप्रिलला सोडली. चुन्याची डबी त्यांनी टाकली नाही, देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली आहे, हात गेला की आधी देव दिसतात म्हणतात. जूनच्या शेवटी पुन्हा तपासणी केली. यावेळी लॅब बदलली, तिथे खोली होती. 1 कोटी 40 लाख, 36 टक्के. मर्यादेच्या अजून खालीच, पण डॉक्टरबाई हसल्या.

आता काउंटरवर गोळ्या घ्यायला आलेल्या बाईला मी तिचं वय विचारते आणि थांबवायची वेळ आली की काय करायचं ते हळू आवाजात सांगते. काही जणी ऐकतात, काही जणी घाईत पैसे ठेवून जातात. गेल्या आठवड्यात एक जण नवऱ्याला घेऊन परत आली आणि म्हणाली, "ताई, ते मघाचं यांनापण सांगा." मी स्ट्रिप पेपरात न गुंडाळता काउंटरवर ठेवली आणि दोघांना सांगितलं.

येत्या सोमवारी माझ्या पाळीचा नववा दिवस आहे. त्या दिवसापासून सोनोग्राफीवर बीज किती वाढलंय ते बघत जायचं आणि या महिन्यात आययूआय, म्हणजे पुरुषबीज नळीनं थेट पिशवीत सोडायचं, असं ठरलंय. कारखान्यात आता देखभालीची कामं चालू आहेत, यांना जनरल शिफ्ट आहे, सुट्टीचा अर्ज मंजूर झालाय. दोघंही जाणार आहोत.

पत्र छापावंसं वाटलं तर नाव देऊ नये, तालुका दिला तरी चालेल.

आपली,
एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे)
ता. कराड, जि. सातारा